पंचनाम्यावरच्या दोन सह्या

मराठीचा प्राध्यापक म्हणजे सरकारी कागदांचा बिनपगारी दुभाषा, अशी आमच्या आष्ट्यात एक समजूत आहे. गणिताच्या प्राध्यापकाकडे लोक मुलांच्या शिकवणीची चौकशी करायला जातात, इंग्रजीच्या प्राध्यापकाकडे अर्ज लिहून घ्यायला जातात. माझ्याकडे येतात ते बँकेची नोटीस, मोजणीचा नकाशा किंवा कोर्टाचे समन्स घेऊन. "मराठीच हाय सर, पर कळंना झालंय," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

मागे एक बाई अशाच एक कागद घेऊन आल्या. शेजारणीशी भांडण, शिवीगाळ, आणि त्याची पोलीस ठाण्यात दिलेली तक्रार. कागदावर शब्द होता 'अदखलपात्र'. बाईंचा सगळा संताप त्या एका शब्दावर. "म्हंजे माझी दखल घ्यायची लायकी न्हाई व्हय?" शब्द फोडून पाहिला तर बाईंचे काहीच चुकत नव्हते. कायद्याला म्हणायचे असते ते निराळेच. काही गुन्ह्यांत पोलीस आपण होऊन तपास करू शकतात, वॉरंटावाचून अटकही करू शकतात, ते दखलपात्र. काहींत न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून तपासाला हात लावायचा नाही, ते अदखलपात्र. म्हणजे हा शब्द पोलिसांच्या हाताची मर्यादा सांगतो. बाईंच्या गाऱ्हाण्याची किंमत तो करीतच नाही. एवढे समजावल्यावर बाई म्हणाल्या, "मग तसंच लिवायचं की!" यावर माझ्यासारख्या एम. ए. झालेल्या माणसाजवळ उत्तर नव्हते.

तेव्हापासून हे फौजदारीचे शब्द माझ्या मागे लागले आहेत. मी वकील नाही. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण पाळणाऱ्यांपैकी मी एक. पण शब्दांच्या मागे मागे जाता जाता हा सारा डोलारा कशावर उभा आहे ते थोडेफार दिसू लागले, आणि जे दिसले ते वाचकांपुढे मांडावेसे वाटले.

आता 'फौजदारी' हाच शब्द घ्या. फौजदार म्हणजे फौज बाळगणारा बादशाही अंमलदार. फौज गेली, बादशहा गेला. उरला तो ठाण्यातला फौजदार. फिर्याद, जबाब, जामीन, मुद्देमाल, हवालदार ही सगळी मंडळी फारसी-अरबीतून आली आणि इथलीच होऊन गेली. इंग्रज आला, त्याने दंडसंहिता १८६० साली केली आणि १८६२ पासून लागू केली. पण शब्द जुनेच राहिले. १ जुलै २०२४ पासून ती संहिताही गेली. तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. जुन्याची ५११ कलमे होती, नव्याची ३५८ आहेत. मात्र त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनाच दंडविधान लागतो, त्यामुळे नवे-जुने दोन्ही कायदे आज न्यायालयांत सासू-सुनेसारखे एका घरात नांदत आहेत.

आष्ट्याच्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर या व्यवस्थेच्या शिड्या निरनिराळ्या आहेत, आणि प्रत्येकीचा धनी निराळा आहे. पहिली पोलिसांची. आष्ट्याचे ठाणे, त्यावर इस्लामपूरचे उपविभागीय अधिकारी (२०२५ साली या गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला, आमच्या तोंडात अजून जुनेच बसले आहे), त्यांच्यावर सांगलीचे पोलीस अधीक्षक, मग कोल्हापूर परिक्षेत्राचे महानिरीक्षक आणि शेवटी मुंबईला महासंचालक. पोलीस हा विषय घटनेने राज्याकडे दिला आहे, म्हणून ही शिडी मुंबईत संपते. दुसरी शिडी न्यायालयांची. तळाशी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, ज्यांना तीन वर्षांपर्यंतची कैद देता येते. वर सत्र न्यायालय, जे फाशीसुद्धा देऊ शकते, पण ती उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अमलात येत नाही. त्यावर उच्च न्यायालय आणि दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय. तिसरी शिडी सरकारी वकिलांची. खटला चालवायचा तो यांनी. पूर्वी खालच्या कोर्टात 'पोलीस प्रॉसिक्यूटर' म्हणून पोलीस खात्यातलाच माणूस उभा राहत असे. तपास करणाऱ्यानेच खटला चालवू नये म्हणून कायद्याने हे बंद केले. चौथे घर तुरुंगाचे. त्याकडे पुढे वळू.

या शिड्या वेगळ्या असाव्यात ही गोष्ट आज आपल्याला इतकी साधी वाटते, की ती मिळायला किती वर्षे लागली याचा विसर पडतो. इंग्रजी अमलात मामलेदाराकडेच मॅजिस्ट्रेटचे अधिकार असत. ज्याच्या कचेरीत शेतसारा भरायचा, त्याच्याचपुढे आरोपी म्हणून उभे राहायचे! ज्याची सारा थकलेली वही समोर आहे, त्या माणसाला तेथे न्यायाची काय शाश्वती वाटत असेल? घटनेच्या पन्नासाव्या कलमात न्यायखाते कारभारापासून अलग करावे असे लिहिले गेले. मुंबई राज्याने त्यासाठी १९५१ साली कायदा केला आणि १ जुलै १९५३ पासून तो लागू झाला. सबंध देशाला ती गोष्ट लाभली १९७४ मध्ये, नवी प्रक्रिया संहिता आल्यावर. या बाबतीत आपले राज्य वीस वर्षे पुढे होते, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

हे झाले नकाशाचे. पण नकाशात न दिसणारी गोष्ट अशी, की या शिड्यांचे वजन शेवटी गावातल्या कुणा दोन साध्या माणसांच्या सहीवर येऊन पडते. ते दोघे म्हणजे पंच.

कसे ते सांगतो. पोलिसांपुढे आरोपीने दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात इंग्रजानेच ही तरतूद केली. ठाण्याच्या चार भिंतींत कबुली कशी निघते हे त्याला चांगले ठाऊक होते. नव्या कायद्यातही ती कायम आहे. फक्त एक खिडकी उघडी ठेवली आहे: आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सापडण्यापुरते त्याचे बोलणे ग्राह्य. चोराने "केबल अमक्या ठिकाणी ठेवली आहे, दाखवतो," असे म्हटले आणि केबल तेथे निघाली, तर तेवढे वाक्य पुराव्यात येते. पण ते वाक्य तो बोलला आणि केबल त्याच ठिकाणी निघाली हे सांगणार कोण? पोलिसाच्या एकट्याच्या सांगण्यावर न्यायालय सहसा विसंबत नाही. म्हणून दोन पंच. झडतीच्या कलमात तर 'त्या वस्तीतील स्वतंत्र आणि प्रतिष्ठित असे दोन किंवा अधिक रहिवासी' असे स्वच्छ म्हटले आहे. यातला 'प्रतिष्ठित' शब्द मोठा गमतीचा आहे. रात्री दहा वाजता हवालदाराला जो सापडेल तो प्रतिष्ठित! बहुधा चहाच्या गाड्यावरचा नाहीतर किराणा दुकानदार.

आमच्या ओळखीचे असेच एक दुकानदार आहेत. त्यांना आपण नुसते अण्णा म्हणू. "अण्णा, जरा पाच मिनिटं चला," असे म्हणून एका संध्याकाळी त्यांना नेले. पाच मिनिटांचे तीन तास झाले. मळ्यातल्या विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली होती. आरोपी पोरगा पुढे, पोलीस मागे, त्यांच्या मागे अण्णा आणि आणखी एकजण. उसाच्या पाचटाच्या ढिगाखालून केबल निघाली. अण्णांनी कागदावर सही केली, घरी येऊन जेवले आणि विसरून गेले.

सहा वर्षांनी समन्स आले. ते वाचून घ्यायला अण्णा माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा आरोपीसारखा झाला होता. मधल्या काळात त्या पोराचे लग्न झाले होते, त्याने टेंपो घेतला होता, आणि त्याचे सबंध घर अण्णांच्याच दुकानातून महिन्याचा बाजार भरत होते. पोराचा चुलता येऊन सांगून गेला होता, "आठवत न्हाई म्हणा अण्णा, एवढंच." अण्णा मला म्हणाले, "आन् खरं सांगू का सर, मला तरी कुठं लख्ख आठवतंय?"

मी त्यांना ठाऊक होते ते सांगितले. साक्षीदाराला कागद पाहून आठवण ताजी करून घेण्याची मुभा कायद्यात आहे. जे पाहिले ते सांगा, जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणा. अण्णांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुमचं बरं हाय सर. तुमचं दुकान न्हाई."

पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर. दुसऱ्या तारखेला वकिलाने मुदत मागितली. तिसऱ्या तारखेला अण्णा पिंजऱ्यात उभे राहिले. केबल काळी होती म्हणाले, पाचटाखालून निघाली म्हणाले. "किती फूट होती?" "लिवलंय शंभर. मापली न्हाई, अंदाजानं लिवली." आरोपीच्या वकिलांना हवे होते ते मिळाले. दुसऱ्या पंचाने तर सही ठाण्यात बसून केल्याचे सांगितले. पोरगा संशयाचा फायदा मिळून सुटला. तेव्हापासून त्या पोराचे घर अण्णांच्या दुकानी येत नाही, कारण अण्णा 'पाचटाखालून निघाली' म्हणाले; आणि मोटारीचा मालकही येत नाही, कारण अण्णा 'अंदाजाने' म्हणाले.

अशा दुसऱ्या पंचाला न्यायालयीन मराठीत 'फितूर' म्हणतात. मला हा शब्द फार जड वाटतो. फितूर म्हणजे किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून देणारा. त्या दुसऱ्या पंचाने खोटे सांगितले की खरे, देव जाणे. सही खरोखरच ठाण्यात झाली असेल, तर तो बिचारा सर्वांत सच्चा. आणि भीतीने बोलला असेल, तर ज्याच्या पाठीशी कुणी उभे राहिले नाही त्याला फितूर कोणत्या तोंडाने म्हणायचे? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना मान्य केली, नव्या संहितेनेही राज्यांवर ती जबाबदारी टाकली आहे. मोठ्या खटल्यांत तिचा उपयोग होईलही. पण महिन्याचे गिऱ्हाईक तुटू नये म्हणून संरक्षण कोण देणार?

गंमत अशी, की हाच पंच एके काळी न्याय देणारा होता. 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण त्याचीच. शिवकाळात आणि पेशवाईत गावचा तंटा गोतसभेपुढे यायचा. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारगावचे जाणते असे सगळे बसत, दोन्हीकडचे ऐकत आणि निवाड्याचा कागद करीत. त्याला महजर म्हणत. ज्यांना लिहिता येत नसे ते आपापल्या धंद्याची निशाणी काढीत. कुणब्याची निशाणी नांगर. तो नांगर काढणारा माणूस निवाड्याचा वाटेकरी असे. रामशास्त्र्यांचे नाव घेतल्यावाचून मराठी माणसाला न्यायावर बोलता येत नाही, म्हणून घेतो. ते आमच्याच मुलखातले, साताऱ्याजवळच्या माहुलीचे. राघोबाला तोंडावर दोषी ठरवणारे. पण रामशास्त्री हे शिखर झाले. गावोगावचा रोजचा न्याय त्या नांगर काढणाऱ्या हातांनीच होत असे. इंग्रजाने न्याय आपल्याकडे घेतला, पंच हा शब्द तेवढा ठेवला आणि त्या माणसाला सहीपुरता शिल्लक ठेवले.

या मुलखाने तो न्याय एकदा परत घेऊन पाहिला होता. १९४३ ते १९४६ या काळातले साताऱ्याचे प्रतिसरकार. तेव्हा आमचा वाळवे तालुका सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. क्रांतिसिंह नाना पाटील याच तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. बेचाळीसच्या चळवळीतून जे भूमिगत राहिले त्यांनी गावोगाव न्यायदान मंडळे नेमली. जमिनीचे वाद, सावकाराचे तंटे, टाकलेल्या बायकांच्या पोटगीचे प्रश्न तेथे तुटत. दरोडेखोर, गावगुंड आणि खबरे यांना कडक शिक्षा होत. तळपायावर मारण्याची शिक्षा इतकी गाजली, की प्रतिसरकारचे 'पत्रीसरकार' झाले ते त्यावरूनच, असे लोक सांगतात. कोर्टाची पायरी वर्षानुवर्षे झिजवणाऱ्या शेतकऱ्याला दारात आणि फुकट मिळालेला तो न्याय केवढा वाटला असेल! तथापि, तेथे आरोपीला वकील नव्हता आणि वर अपील नव्हते. मंडळातली माणसे सज्जन होती म्हणून ते चालले. सगळीच आणि सदासर्वकाळ सज्जन असतील यावर मात्र राज्य चालवता येत नाही.

पुढे २००७ साली गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी तंटामुक्त गाव मोहीम काढली. तेही याच जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. त्यामुळे ती जुनी आठवण त्यांच्या मनात असावी असे मला उगाच वाटते. गावच्या समितीने सामोपचाराने तंटे मिटवायचे, आणि गाव तंटामुक्त झाले की बक्षीस. बांधाचे, वाटणीचे पुष्कळ वाद यात मिटले. पण बक्षिसासाठी तक्रारच मागे घ्यायला लावणे आणि तंटा मिटवणे यांत फार अंतर आहे. विशेषतः तक्रार करणारी बाई असेल तेव्हा.

सामान्य माणसाला न्यायासनाशेजारी बसवायचा दुसरा मार्ग होता ज्यूरीचा. तो मुंबईत नानावटी खटल्याने संपवला. १९५९ साली ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी कमांडर नानावटींना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तेथे शिक्षा झाली. १९७३ च्या संहितेने ज्यूरी कायमचीच काढून टाकली. इंग्लंडात ज्यूरी अजून आहे. शिवाय तेथे बहुसंख्य किरकोळ खटले बिनपगारी नागरिक मॅजिस्ट्रेटच चालवतात. जर्मनीतही न्यायाधीशाच्या जोडीला साधे नागरिक बसतात. आष्ट्यात ज्यूरी बसवा म्हटले तर मी स्वतः विरोध करीन. जेथे निम्मा गाव निम्म्या गावाची भावकी आणि उरलेला सोयरा, तेथे निष्पक्ष बारा माणसे आणायची कोठून? पण मग या सगळ्या व्यवस्थेत सामान्य माणसाला उरलेली जागा दोनच, साक्षीदाराची आणि पंचाची. आणि ती त्याला अशा रीतीने मिळते, की पुन्हा कुणी बोलावले तर तो दुकानाची फळी लावून मागच्या दाराने निघून जातो. अलीकडे गंभीर गुन्ह्यांत सरकारी नोकरांनाच पंच म्हणून बोलावण्याचा प्रघात पडला आहे तो यामुळेच. सोयीचा आहे खरा. तलाठी बदलून गेला तरी त्याला शोधता येतो.

आता माझ्या विषयाचे थोडे, म्हणजे भाषेचे. फिर्याद, जबाब, पंचनामा हे सारे मराठीत लिहिले जाते, आणि खालच्या कोर्टातही मराठी चालते. उच्च न्यायालयाची भाषा मात्र इंग्रजी, घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे. तेव्हा अपिलात कागद जातो तो भाषांतर होऊन. आमच्याकडे आई पोराला म्हणते, "आज जित्ता सोडत न्हाई तुला!" आणि संध्याकाळी त्यालाच मांडीवर घेऊन भरवते. हेच वाक्य बांधावरच्या भांडणात फिर्यादीत आले आणि तेथून इंग्रजीत गेले, की ठार मारण्याची धमकी होऊन बसते. 'मारले' म्हणजे चापट मारली की जीव घेतला? मराठीत मागचेपुढचे पाहून कळते. भाषांतरकाराला दोहोंपैकी एक निवडावे लागते. माणसाची वर्षे त्या निवडीवर अवलंबून असतात.

एक गोष्ट चांगली झाली. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात बसू लागले. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे आता तेथे चालतात. वकील मंडळींनी त्यासाठी कैक वर्षे आंदोलन केले होते. साडेतीनशे किलोमीटरांहून लांब असलेल्या मुंबईला जामिनाच्या अर्जासाठी खेपा घालणे ज्याला परवडत नसे, तो आरोपी आत राहत असे. अपराधापेक्षा अंतराची शिक्षा त्याला अधिक होई.

आत राहणाऱ्यांविषयी बोलायचे तर देशाच्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती आणि त्यांतल्या दर शंभरांपैकी सुमारे पंचाहत्तर कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही असे. अटकेपासून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे, साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन द्यायचा, असे नियम आहेत. ज्याला वकील परवडत नाही त्याला तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून तो फुकट मिळतो. पण दोषारोपपत्र वेळेत आले आणि खटला मात्र सहा वर्षे उभाच राहिला नाही, तर त्यावर औषध नाही.

सांगलीच्या तुरुंगाचे नाव निघाले की १९४३ साली वसंतदादांनी केलेले पलायन सगळ्यांना आठवते. माझ्या मते याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट अधिक मोठी आहे, ती म्हणजे आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर. औंधच्या पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थाच्या कल्पनेवरून १९३९ साली ती वसाहत काढली. भिंती नाहीत, कैदी शेती करतात, बायकामुले सोबत राहतात. ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. त्यांच्या कथेवरून शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला, तो याच प्रयोगावरून. चित्रपट सगळ्या जगाने पाहिला. आपल्या जिल्ह्यातले किती लोक स्वतंत्रपूर पाहून आले आहेत कोण जाणे.

नव्या संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करायला सांगितले आहे, मोबाईलवर केले तरी चालते. शिवाय सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यकाचे तज्ज्ञ घटनास्थळी गेले पाहिजेत. आता पंचांची गरज संपली, असे काही जण म्हणू लागले आहेत. मला तसे वाटत नाही. पाचटाखालून केबल निघाली हे चित्रात दिसेल. ती चित्र सुरू होण्यापूर्वी कुणी तेथे ठेवली नव्हती, हे त्या ठिकाणी हजर असलेला माणूसच सांगू शकेल.

म्हणून गेल्या वर्षी आमच्या मुलांना मी एक तास व्याकरणाऐवजी पंचनाम्यावर घेतला. सहीपूर्वी सगळा कागद वाचावा किंवा वाचून घ्यावा; सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ पाहावी; मोजलेले असेल तरच आकडा, नाहीतर 'अंदाजे' लिहिले आहे का ते बघावे; मधल्या कोऱ्या जागेवर रेघ मारून घ्यावी; जेथे कागद झाला तेथेच सही करावी. एका मुलाने विचारले, "सर, पंच व्हायला नको म्हटलं तर?" लेखी आदेशाने झडतीला बोलावले असता सबळ कारणावाचून नकार देणे हा गुन्हा आहे, असे मी सांगितले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "आणि साक्षीला गेल्यावर त्या दिवसाचा रोजगार?" भत्त्याची तरतूद आहे, मिळतो, पण तो न्यायालयात आपण होऊन मागावा लागतो. हे मात्र सगळ्या वर्गाने वहीत लिहून घेतले.